मांडवाच्या दारात वाजलेलं गाणं

मांडवाच्या दिवशी ते गाणं लावायला मीच सांगितलं. डीजेवाल्या पोराचा त्यात काही दोष नाही. त्यानं दोनदा विचारलं होतं, "काका, हेच ना? लई जुनं आहे, आवाज फाटून राह्यला." मी म्हणालो, "फाटू दे, हेच लाव." आदिलाबादहून निघताना गाडीत बायकोनंही विचारलं होतं, "अक्काला विचारलं का?" विचारलं तर गंमत काय राहिली, असं उत्तर मी तिला दिलं. म्हणजे मला थांबवणारी माणसं होती. मी थांबलो नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढं लिहिता लिहिता मी स्वतःची बाजू घेऊ लागेन अशी मला भीती वाटते.

ते गाणं मला पुन्हा सापडलं ते कापूस मार्केटजवळच्या एका सलूनमध्ये. दाढीचा साबण तोंडाला लागलेला होता, डोळे मिटलेले होते, आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून बेंजो सुरू झाला. पहिल्या दोन सुरांतच मी ओळखलं. उठून बसलो तेव्हा कारागीर वस्तरा मागं घेत ओरडला, "साब, गला कट जाता ना!" गाणं कुठून आणलंस म्हणून विचारलं, तर म्हणाला, मोबाईल दुकानवाल्याच्या वडिलांकडे जुन्या कॅसेटी होत्या, त्यानं सगळ्या मोबाईलवर घेतल्या आणि ज्याला पाहिजे त्याला पाठवतो. मी अर्धी दाढी झालेली असतानाच ती गाणी माझ्या मोबाईलवर मागून घेतली.

आमच्या लहानपणी गावात एक बेंजो पार्टी होती. बेंजो वाजवणारा कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होता, ढोलकवाला सायकली दुरुस्त करायचा, आणि कॅसिओवर बसणारे एक प्राथमिक शाळेचे गुरुजी होते. गणपती, दुर्गादेवी, लग्नं, सगळीकडे तेच. बाकीच्या पार्ट्या सिनेमाची गाणी वाजवायच्या. हे लोक स्वतः रचायचे. पोळ्याला तोरणाखाली म्हणतात त्या झडत्यांना चाल लावायचे आणि त्यात पटवाऱ्यापासून पाटलापर्यंत कोणाला सोडायचे नाहीत. आमचं गाव जसं बोलतं तशीच त्यांची गाणी असायची. सुरुवात मराठीत, उत्तर तेलुगूत आणि मध्येच उर्दूचा एखादा तुकडा. आम्ही पोरं ती गाणी शाळेच्या वाटेवर डबे वाजवत म्हणायचो. माझ्या आयुष्यात त्याच्याइतकं आवडतं संगीत नंतर आलं नाही.

त्यांनी एकच कॅसेट काढली. तिच्यात एक सवाल-जवाबाचं गाणं होतं. आठवडी बाजारात बांगडीवाला एका मुलीला विचारतो, कोणता रंग पाहिजे? तो मराठीत विचारतो, ती तेलुगूत उत्तर देते. प्रत्येक कडव्यात तो एक रंग दाखवतो, ती एक खोड काढते. शेवटी काही न घेता निघून जाते आणि तो हात जोडतो. त्या मुलीचा आवाज माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा.

अक्का तेव्हा नुकतीच मॅट्रिक होऊन घरी बसली होती. गल्लीतल्या तेलुगू बायकांबरोबर बतुकम्माच्या सणाची गाणी म्हणून तिची तेलुगू अशी झाली होती, की अनोळखी माणसाला ती मराठी घरची वाटायचीच नाही. गुरुजींनी तिचा आवाज तिथंच ऐकला. वडील तहसील कचेरीत होते, कडक होते, त्यांना सांगायचा प्रश्नच नव्हता. आईला माहीत होतं. शिवणक्लासचं नाव काढून अक्का जायची आणि सोबत म्हणून मला पाठवायचे. मुलीबरोबर भाऊ असला की झालं, मग तो नऊ वर्षांचा का असेना.

जिनिंगच्या मागं पत्र्याची खोली होती. सरकीचा वास, पंख्याची घरघर, ढोलकवाल्याच्या बोटांना लावलेल्या चिकटपट्ट्या. मला भजी मिळायची. कधी मंजिरा वाजवायला द्यायचे आणि चुकलो की सगळे हसायचे. अक्का गाताना डोळे मिटायची नाही, समोरच्या भिंतीकडे रोखून बघायची, जणू बांगडीवाला तिथंच उभा आहे. एकदा तिनं अशी काही खोड काढली की गुरुजी कॅसिओ सोडून हसत बसले आणि सगळं पुन्हा सुरू करावं लागलं. सलूनमध्ये हे सगळं एकदम आठवलं. मी रस्त्यावर आलो तेव्हा माझ्या गालावर साबण सुकलेला होता आणि मी हसत होतो.

पुढं जे झालं तेही मला माहीत होतं. विसरलो होतो असं मी म्हणू शकत नाही. कॅसेट निघाली, स्टँडवरच्या हॉटेलांत वाजू लागली. लवकरच कोणीतरी आवाज ओळखला. मग अक्का बाजारातून चालली की पानठेल्यावरून हाक यायची, "कोणता रंग पाहिजे वं?" मंचेरियलकडचं एक स्थळ ठरत आलं होतं. सुपारी फुटायच्या आधी त्यांचा निरोप आला, ऑर्केस्ट्रातली पोरगी आम्हाला नको. वडिलांना ते तसं कळलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. घरातला टेप उचलला आणि कोणाला तरी देऊन आले. त्यानंतर कित्येक दिवस घरात भांड्यांचा आवाजसुद्धा जपून व्हायचा.

नंतर दूर महाराष्ट्राच्या सीमेकडच्या एका गावातलं स्थळ आलं. कापूस-ज्वारीची शेती, सरळ माणसं. तिथं कॅसेट पोचली नव्हती. आईनं अक्काला आणि मला देवापुढं उभं केलं. "सासरी ह्या गोष्टीचा एक शब्द नाही. तू गात नाहीस. तुले येतच नाही. आन् तू रे, तुले काही माहीत नाही." आम्ही दोघांनी देवावर हात ठेवला.

अक्कानं ते जन्मभर पाळलं. मंगळागौरीला नाही, बारशाला नाही, पोरींना झोपवतानाही नाही. मी तिच्या घरी गेलो तर ती काम करताना गुणगुणतसुद्धा नसे. मला ते दिसायचं आणि मला वाटायचं, सवय गेली असेल.

धाकट्या भाचीचं लग्न ठरलं आणि माझ्या डोक्यात ते आलं. आई नाही, वडील नाहीत. अक्काची सासूही गेली. आता मुली मोबाईलवर नाचतात, गातात, घरचेच कौतुकानं पाहतात. आता काय उरलंय त्यात लपवण्यासारखं? हा हिशेब मी एकट्यानं केला आणि उत्तरही एकट्यानं काढलं.

आमच्याकडे मांडवाच्या दिवशी माहेरचा आहेर येतो. नवरीचा मामा वेशीवरच्या मारुतीपाशी थांबतो, तिथून त्याला वाजतगाजत मांडवापर्यंत नेतात, आणि बहीण दारात ताट घेऊन त्याची वाट बघते. पूर्वी सनईवाले असत. आता टेम्पोवर मोठे बॉक्स असतात आणि आहेराचं गाणं मामानं सांगायचं अशी नवी रीत पडली आहे. मी माझं गाणं सांगितलं.

बेंजो सुरू झाला. माणसं जुन्या चालीवर हसत नाचू लागली. बांगडीवाल्याचं कडवं झालं आणि अक्काचा सतरा वर्षांचा आवाज त्या गल्लीत भरला. टेम्पो वळला तसा मला मांडव दिसला, दारात अक्का दिसली. ती हसत होती, मला शोधत होती. मग तिचं हसू जागच्या जागी थांबलं. तिनं दुसरा हात ताटाखाली नेला.

तेव्हा तरी मी टेम्पोच्या बोनेटवर हात मारून गाणं बंद करायला हवं होतं. पण भाऊजींचा धाकटा भाऊ माझ्या खांद्यावर हात टाकून विचारत होता, "मस्त आहे हो गाणं! कोण गाऊन राह्यली ही?"

आणि मी म्हणालो, "तुमची वहिनी!"

मग धावत जाऊन त्यानं डीजेवाल्याचा माईक घेतला. "ऐका हो, ऐका! हे गाणं आमच्या वहिनीनं म्हटलेलं आहे! आमाले आज समजलं, बापा!" सगळं गाव मांडवाकडे वळलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. कोणीतरी मागून ओरडलं, चांगल्या मनानं ओरडलं, "वहिनी, सांगा मंग, कोणता रंग पाहिजे?"

अक्का पडली नाही, रडली नाही. मी पुढं गेलो. तिनं मला कुंकू लावलं, ओवाळलं. माझ्या कपाळाकडे बघितलं, डोळ्यांकडे नाही. तिच्यामागं भाऊजी उभे होते. ते हसत नव्हते. ते अक्काकडे बघत होते, जशी एखाद्या ओळखीच्या घरात नवी खोली सापडावी आणि तिला बाहेरून कडी असावी.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. भाचीला बोहल्यावर आणायचा मान माझा होता, आणि मला भीती होती की अक्का तो दुसऱ्या कोणाला देईल. तिनं दिला नाही. फेटा तिनंच माझ्या हातात ठेवला. "बांध. वेळ होऊन राह्यली," एवढंच म्हणाली. जेवणं झाल्यावर पाण्याच्या टाकीपाशी भाऊजींनी मला गाठलं.

"साहेब, अजून काय काय लपवलं तुमच्या घरानं?"

"भाऊजी, तसं काही नाही, लहानपणची गोष्ट..."

"लहानपणची तुमची. माह्यी बायको आहे ते." आणि ते निघून गेले.

त्यानंतर अक्कानं माझा फोन उचलला नाही. मी निरोप पाठवले. ते निरोप आजही माझ्या मोबाईलवर आहेत. "तुझ्या कौतुकासाठी केलं." "एवढं मनावर घेऊ नकोस." "काळ बदलला आहे, अक्का." "तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर." वाईट वाटलं असेल तर! बायकोनं एकदा ते वाचलं आणि म्हणाली, "तुमी माफी मागून राह्यले का तिले समजावून राह्यले?" मी चिडलो. पण त्यानंतर निरोप पाठवणं थांबलं.

सासरहून भाचीचा फोन आला. आवाज दबका होता. "मामा, बाबा आईशी बोलत नाहीत. ताट ओट्यावर मागवतात. शेतात एकटे जातात. आईनं निरोप दिला, मामाले म्हणा आता येऊ नको." मग म्हणाली, "मामा, आई खरंच एवढं चांगलं गायची? मग मले काऊन कधी म्हणून दाखवलं नाही?"

मी त्या गाण्यासाठी माझ्या बहिणीचं घर फोडलं होतं का, हा प्रश्न मला ऑफिसात, बसस्टॉपवर, जेवताना धरून बसायचा. गाणं मी पुन्हा ऐकलं. पुन्हा भजी, पत्र्याची खोली, मंजिरा. त्यात पानठेला नव्हता. मंचेरियलचा निरोप नव्हता. मग लक्षात आलं की अक्काचं ते स्थळ मोडलं तेव्हा मी रडलो होतो ते, आता शिवणक्लास बंद होणार म्हणून.

कापूस वेचणी सुरू झाली तेव्हा, येऊ नको म्हटलेलं असूनही, मी गेलो. गुडीहत्नूरपाशी बस बदलताना एकदा परतावंसं वाटलं. भाऊजी अंगणात कापसाच्या ढिगाशी बसले होते. बसा म्हणाले नाहीत. मी उभाच राहिलो.

"भाऊजी, चूक माझी आहे. अक्काची नाही. आमच्या आईनं आम्हाला देवावर हात ठेवायला लावला होता." आणि मी सगळं सांगितलं. बाजारातल्या हाका सांगितल्या, मोडलेलं स्थळ सांगितलं. हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. अक्कानं त्यांच्यापुढं स्वतःचा बचावसुद्धा केला नव्हता.

ते कापसातला काडीकचरा निवडत राहिले.

"मी गाण्यावर नाही रागावलो," ते म्हणाले. "माह्यी माय शेवटच्या आजारात पडून होती. म्हणे, कोणीतरी एखादा अभंग म्हणा रे. मी म्हटला. माह्या गळ्याची दशा तुमाले माहीत आहे. माय म्हणे, तू नको बापा, सुनबाईले सांग. हे बाजूले बसून होती. म्हणे, मले येत नाही. माय तशीच गेली." त्यांचा हात थांबला. "तिनं सांगितलं असतं, तर मी तिले हाकलून दिलं असतं का? तुमी सगळ्याइनं मले तसा माणूस ठरवून टाकला. इतकी वर्सं."

मग त्यांनी हनुवटीनं शेताकडे दाखवलं. "तिकडं आहे. जा."

अक्का ओटी बांधून वेचत होती. सोबतच्या बायका कापसाच्या पुढच्या ओळींत गेल्या होत्या. मला बघून तिचे हात चालूच राहिले.

"येऊ नको म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतं."

"मंग काऊन आला?"

मी काही बोलण्याआधी तिनंच विचारलं, "मले एक सांग. ते गाणं ऐकलं तर तुले काय आठवते?"

मी खरं सांगितलं. भजी, मंजिरा, गुरुजींचं हसणं.

"मले बाजार आठवते," ती म्हणाली. "मी भाजी आणाले जाणं सोडलं होतं, माहीत आहे तुले? वाडीच्या मागून फिरून जायची. त्या माणसाइच्या तोंडचं ऐकू नाही आलं पाहिजे म्हणून कानात बोटं घालून चालायची. जशी येडी." तिनं बोंडातला कापूस ओढला. "सासूबाई मागत होत्या तवा गळ्यापर्यंत आलं होतं रे. पूर्ण अभंग येत होता मले. पण वाटलं, एक सूर निघाला की मागचं सगळं निघीन. लोकं विचारतीन, कुठं शिकली? आन् मंग? म्हणून बसून राह्यली. ते पाप मी एकटीनं सांभाळलं होतं. मले गाता येते हे तू सांगितलं तवा ते बी माईकवर निघालं."

"मी ते नाही..."

"मंग काय सांगितलं तू?"

पुढच्या ओळींतल्या बायका काहीतरी बोलून मोठ्यानं हसल्या. अक्कानं दचकून तिकडे बघितलं. त्या आपल्यावर हसत नाहीत हे पक्कं झाल्यावरच तिनं मान वळवली. लग्नाला आता महिने झाले होते आणि ती अजून प्रत्येक हसण्याकडे अशी बघत होती. ते मी स्वतः पाहिलं.

वाटेत बसमध्ये मी बरंच काही जुळवून ठेवलं होतं. आईची आठवण, बदललेला काळ, तिच्या आवाजाचं कौतुक. त्यातलं एकही वाक्य त्या शेतात उभं राहण्यासारखं नव्हतं. मी खाली बसलो, तिच्या ओटीच्या उंचीला, आणि जे बोललो ते इथं आहे तसं लिहितो.

"अक्का, मी तुझ्यासाठी नाही लावलं ते गाणं. मले माझं लहानपण पुन्हा पाहिजे होतं, म्हणून लावलं. तुझं त्यात काय जळालं ते मले माहीत होतं, आणि मी ते बाजूला ठेवलं, कारण ते आठवलं असतं तर मले मजा आली नसती. सांगायचं की नाही, कवा सांगायचं, कोणाले सांगायचं, हे तुझं होतं. भाऊजीले तू एक दिवस तुझ्या तोंडानं सांगितलं असतं, तो दिवस मी हिसकून घेतला. मी ते परत नाही देऊ शकत. तू चुकीचं काही केलं नव्हतं, तवाही नाही आणि सासूबाईपाशीही नाही. चूक मी केली, जाणूनबुजून केली. मले माफ कर."